बार्बाडोसला जाताय? आधी किनारा ठरवा, हॉटेल नंतर

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन आम्ही कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर गेलो होतो. फोटो टाकल्यापासून इथल्या, न्यू जर्सीतल्या ओळखीच्या सात-आठ घरांनी तरी एकच प्रश्न विचारलाय, "रिसॉर्ट कुठलं घेतलं होतं?" आता थंडीतल्या सुट्टीची बुकिंगं सुरू झाली आहेत, तर प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्याऐवजी इथे एकदाच लिहिते. दहा रात्रींत आम्ही तीन ठिकाणी राहिलो आणि त्यातून माझं मत अगदी ठाम झालंय. आई-वडील बरोबर असतील तर ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहण्या-जेवणाचे सगळे पैसे आधीच भरायचे असलं रिसॉर्ट घेऊ नका. दक्षिण किनाऱ्यावर, बसच्या रस्त्याला लागून, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या.

बेट अगदी लहान आहे. लांबी साधारण 34 किलोमीटर, रुंदी 23. पण तीन बाजूंना तीन वेगळे समुद्र आहेत, आणि बुकिंग करताना हेच कुणी सांगत नाही. बेटाचे 11 पॅरिश आहेत, आपल्या तालुक्यांसारखे. पत्त्यात सेंट जेम्स किंवा सेंट पीटर दिसलं तर तो पश्चिम किनारा. क्राइस्ट चर्च म्हणजे दक्षिण. सेंट जोसेफ म्हणजे पूर्व, अटलांटिकची बाजू. हॉटेलचे फोटो बघण्याआधी पत्त्यातलं हे नाव बघा.

पहिल्या चार रात्री पश्चिमेला, सेंट जेम्समध्ये, ऑल-इन्क्लुझिव्ह. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका हॉटेलची नाही, त्या पद्धतीची आहे. पश्चिमेचं पाणी मात्र खरोखर सुंदर. सकाळी सातला समुद्र तळ्यासारखा निवांत असतो. आमची सहा वर्षांची मुलगी पाठीवर तरंगायला तिथेच शिकली. लहान मुलं असतील, पोहता येत नसेल, पाण्याची भीती असेल, तर पोहायला पश्चिमेलाच जा.

जा म्हटलं, राहा म्हटलं नाही. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही महागडं असो, पुढची वाळू आणि पाणी कुणाच्या मालकीचं नाही. दोन हॉटेलांच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा आहेत, त्यांतून कुणीही उतरू शकतं. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मनाला लागलं. आपण ज्या समुद्राचे पैसे भरले असं समजत होतो, तो तर सगळ्यांसाठी खुला होता!

एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. पश्चिमेच्या वाळूवर मँचिनील नावाची झाडं आहेत. गर्द सावली, छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी फळं. झाड अतिशय विषारी आहे. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेसुद्धा कातडीवर फोड येतात. बऱ्याच झाडांच्या खोडाला लाल पट्टा रंगवलेला असतो. सर आली म्हणून आई नेमकी तिकडेच निघाली होती. किनाऱ्यावरचा नारळवाला ओरडत धावत आला म्हणून वाचलो. हॉटेलात याबद्दल आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नव्हता, आणि त्याचा राग मला अजून आहे.

आता जेवण. आई मालवणची. मासा तिचा जीव की प्राण, पण सोमवार आणि गुरुवार पाळते. गुरुवारी बुफेत तिच्यासाठी काय होतं? पाव, कलिंगड आणि बटाट्याचे तळलेले तुकडे. राइस अँड पीज दिसायला आपल्या कडधान्याच्या भातासारखा, म्हणून आनंदाने वाढून घेतला, तर आत खारवलेल्या मांसाचे तुकडे. वाढणारा मुलगा बिचारा कळवळला, पण मोठ्या भटारखान्यात एका बाईसाठी वेगळा भात कोण टाकणार? आईने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "असूंदे गो, माका भूक नाय." सत्तरीला आलेली बाई हजारो मैल लांब येऊन "भूक नाय" म्हणते, तेव्हा हातातल्या त्या ऑल-इन्क्लुझिव्हच्या कागदी पट्ट्याची किंमत कळते.

पण ऑल-इन्क्लुझिव्हचा सगळ्यात मोठा तोटा याहून वेगळा आहे. ते तुम्हाला बाहेर पडू देत नाही. दाराला कुलूप नसतं. पण पैसे आधी भरलेले, मग बाहेर कशाला जेवायचं? दुपारी हॉटेलातच, संध्याकाळीही हॉटेलातच. बाबांना पहिल्या दिवसापासून केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बघायचं होतं. 1971 साली ते शाळेत होते आणि वाचनालयात पेपर यायची वाट बघत उभे राहायचे. वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला गेला होता. याच मैदानावर भारताचे 70 धावांत सहा गडी गेले होते आणि तिथून दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी सातव्या गड्यासाठी 186 धावा जोडल्या. मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंचे 150, आणि दुसऱ्या डावात गावसकर नाबाद 117. हे आकडे बाबांना आजही तोंडपाठ आहेत. आणि तरी तीन दिवस आम्ही "जेवून मग जाऊ" म्हणत राहिलो. चौथ्या दिवशी गेलो, तेही टॅक्सीने. इथल्या टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधी ठरवून घ्यावं लागतं. ओव्हलबाहेर वेस्ट इंडिजच्या महान क्रिकेटपटूचा, गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. बाबा चप्पल काढून त्याच्यासमोर उभे राहिले. मग मुलीला सांगत होते, 2024 च्या जूनमध्ये आपल्या रोहितने वर्ल्ड कप उचलला तो इथेच, फक्त सात धावांनी जिंकलो होतो.

मध्ये एक रात्र पूर्वेला, बाथशेबाला. प्रचंड खडक, उसळणारा अटलांटिक, लाटांवर स्वार होणारी पोरं, रात्रभर शिट्टी घालणारे इवलेसे बेडूक. दृश्य विसरता येणार नाही. पण त्या पाण्यात पोहायचं नाही, दुकानं जवळ नाहीत, आणि चढउतार बाबांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. दिवसभर जाऊन या, तेवढं पुरे.

आणि मग दक्षिण. वर्दिंगला एका आजींच्या घराचा वरचा मजला घेतला. दोन खोल्या, गॅसची शेगडी, झडपांची खिडकी, तिच्यातून येणारा खारा वारा. मी बॅगेतून छोटा कुकर, मुगाची डाळ आणि गोडा मसाला नेला होता. तांदूळ आणि लिंबं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. नळाचं पाणी सरळ प्यायचं. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पावसाचं पाणी त्यातून झिरपून स्वच्छ होतं. पहिल्या संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली आणि आई खुर्चीवरून उठून ओट्याशी आली. पाच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ती स्वतः परत आल्यासारखी दिसली. वरणभात, लिंबू, वर तिथला पिवळा मिरचीचा सॉस. त्या सॉसच्या दोन बाटल्या आता मालवणात आहेत.

खाली उतरलं की बसथांबा. थांब्यावर दोनच प्रकारच्या पाट्या, "टू सिटी" आणि "आउट ऑफ सिटी". शहराकडे किंवा शहराबाहेर, चुकायचा प्रश्नच नाही. तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी निळ्या बसमध्ये सुटे द्यावे लागतात, बाकी परत मिळत नाही. तांबड्या पट्ट्याच्या पांढऱ्या व्हॅनना "झेडआर" म्हणतात. गाणी जोरात, माणसं खच्चून, वडापची आठवण आल्याशिवाय राहत नाही. बसमध्ये चढणारा प्रत्येक जण आधी "गुड मॉर्निंग" म्हणतो, आणि आतले सगळे उत्तर देतात. दुसऱ्या दिवसापासून बाबाही चढताना खणखणीत म्हणायला लागले. बसमधल्या बायका त्यांना उठून जागा द्यायच्या.

हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राला लागून पायवाट बांधलेली आहे, दीडेक किलोमीटर, सपाट, अधेमधे बसायला बाकडी. आई-बाबा रोज सकाळी एकटे फिरून यायचे. ज्येष्ठांसाठी याहून चांगली सोय मला हॉटेलात पैसे देऊनही मिळाली नव्हती. पश्चिमेला फूटपाथ जेमतेम होता आणि आमच्याशिवाय त्यांचं पाऊल बाहेर पडत नव्हतं.

शुक्रवारी ओइस्टिन्स. मासळी उतरवायची जागा, आणि शुक्रवारी रात्री तिथेच चुली, टेबलं, गाणी. आईने आधी मासा बघितला, कल्ला उचलला, मग मान डोलावली. पाटीवर "डॉल्फिन" वाचून ती हबकली होती. तो समुद्रातला डॉल्फिन नव्हे, माही-माही नावाच्या माशाला तिथे डॉल्फिन म्हणतात. उडते मासे त्यांचा राष्ट्रीय पदार्थ, मक्याच्या पिठाच्या कूकूबरोबर खातात. पण आईचं मन जिंकलं तिथल्या किंगफिशने. तो आपल्या सुरमईच्या भावकीतला.

दक्षिणेची उणीवही सांगते. लाटा पश्चिमेपेक्षा मोठ्या आहेत, मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्याकडे सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर येतं, कुजलं की वास मारतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. वर्ल्ड कपनंतर बेरिल वादळामुळे आपला संघ तिथेच अडकला होता, आठवत असेल. डिसेंबर ते एप्रिल उत्तम, पण दर चढे. आणि दर कुठल्या डॉलरमध्ये सांगतायत ते पहिलं विचारा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन. वर टॅक्स, सर्व्हिस चार्ज आणि दर रात्रीचा खोलीमागचा कर वेगळा, तो धरूनच आकडा मागा. आमच्या दक्षिणेच्या पाच रात्री, किराणा, बस आणि ओइस्टिन्सचं जेवण मिळून पश्चिमेच्या चार रात्रींच्या निम्मेसुद्धा झाले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी घरमालकीण आजी अंगणातलं एक फळ घेऊन वर आल्या. आई ओरडलीच, "अगो, ह्यो तर आपलो निरफणस!" गुलामांच्या पोटाची स्वस्तात सोय व्हावी म्हणून इंग्रजांनी 1793 मध्ये हे झाड पॅसिफिकमधून कॅरिबियन बेटांवर आणलं. आज तिथे घरोघरी खातात. आईने पातळ कापा केल्या, तिखट-मीठ-हळद लावली, रव्यात घोळवून तव्यावर तेल सोडून भाजल्या. आजींनी त्यांची पद्धत दाखवली. अख्खं फळ विस्तवावर साल काळीकुट्ट होईपर्यंत भाजायचं, फोडायचं आणि आत लोणी-मीठ. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, पण दहा मिनिटांनी मला कुणी विचारेना.

गेल्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर मालवणचा पाऊस, मागच्या पडवीत चूल पेटलेली आणि तिच्यात अख्खा निरफणस. साल काळी झाली का ते मला दाखवून घेतलं, मग म्हणाली, "तां ऱ्हवांदे, आधी त्या म्हातारेक फोन लाव, तिका दाखवतंय."