टाइल्स उखडा, एसपीसी टाका? फार्महाऊसवाल्यांनो, जरा थांबा

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘काटोल रोड, उमरेड रोडकडचं फार्महाऊस वर्षातले बहुतेक दिवस बंद असतं. अशा घरात टाइल्स थंडीनं तडकतात. परदेशात हीटर नसलेल्या कॉटेजमध्ये एसपीसीच टाकतात. शंभर टक्के वॉटरप्रूफ, भिंतीलगत फट नको, जुन्या फरशीवरच बसतं, एका दिवसात काम खलास.’ एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या, एकमेकींत अडकवून बसवायच्या कडक पट्ट्यांची फरशी. एसपीसी वाईट नाही, मेसेज वाईट आहे.

आधी थंडी. बर्फाळ देशांत बंद कॉटेज शून्याच्या खूप खाली जातं. टाइलच्या छिद्रांत शिरलेलं पाणी गोठतं, सुमारे ९ टक्के फुगतं आणि टाइल फोडतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांखाली जातो, गोठणबिंदूपर्यंत नाही. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. गोठायला आत काही हवं ना!

तरी फार्महाऊसच्या टाइल्स जागेवरून वर उठतात, हे खरंच आहे. एक कारण हेच, की व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही. साध्या सिमेंटचा घोळ तिच्या पाठीला नीट धरत नाही, पॉलिमरवाला टाइल ॲडहेसिव्ह लागतो. त्यात आपले मिस्त्री टाइलला टाइल भिडवून लावतात, कारण मालकालाच ‘जोड दिसायला नको’ असतो. मग पत्र्याखालची बंद खोली मे महिन्यात तापली, की फुगायला जागा न मिळालेल्या टाइल्स मधोमध तंबूसारख्या उभ्या राहतात. दोन टाइल्समध्ये फट ठेवणारे दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर आणि भिंतीशी स्कर्टिंगखाली थोडी मोकळी जागा, एवढ्यानं हे टळतं.

दुसरं कारण जास्त महागात पडतं आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही: काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. संत्र्याच्या बागेत घर बांधताना पायाची खोदलेली काळी माती फुकट असते म्हणून तीच जोत्यात भरतात, आणि पुढे दरवर्षी फरशी वर-खाली होते. ओळखायचं कसं? एखादी टाइल ठोकल्यावर पोकळ वाजली, तर चिकटवण्यात खोट. एकच भेग सरळ रेषेत चार-पाच टाइल्स कापत गेली, तर खालची जमीन हलतेय. मग वर इटालियन मार्बल टाका की एसपीसी, फरशी बिघडणारच. तिथे काळी माती काढून मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकायचा, दगडी सोलिंग (दगडांचा रचलेला थर), प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. खर्च होतो, पण तो इथेच करायचा.

आता ‘वॉटरप्रूफ’. एसपीसीची पट्टी चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीची असते, पाण्यानं ती फुगत नाही. पण जमिनीतून वर येणारी ओल तिच्याखाली अडकते. पावसाळ्यात घर बंद, खिडक्या बंद. दिवाळीला दार उघडलं की कुबट वास तयार. वाळवीचंही तसंच. पट्टीला लागत नाही, पण सोबत एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) स्कर्टिंग लावली असेल तर ती वाळवीसाठी पंगत.

‘फट नको’ हा सल्ला सगळ्यात घातक. निव्वळ कडक पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर वाढतं. चुनखडीमुळे एसपीसी कमी वाढतं, ०.०३ धरू. हॉल ६ मीटरचा, जानेवारीची रात्र आणि मेची दुपार यांत बंद घरात ३० अंशांचा फरक: ५ मिलिमीटरहून जास्त. डिसेंबरात भिंतीला भिडवून बसवलेली पट्टी मे महिन्यात जाईल कुठे? वर. भिंतीलगत ८-१० मिलिमीटर सोडा, स्कर्टिंग ती झाकते. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवाच, कारण काचेतून थेट ऊन पडतं तिथली पट्टी खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते.

जुन्या फरशीवर बसतं, पण फरशी सपाट असेल तर. दोन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून बघा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंग. जुन्या शहाबादीवर ही परीक्षा सहसा नापास होते, आणि मग चालताना पट्टीचं क्लिक-लॉक, म्हणजे शेजारच्या पट्टीत अडकणारी खाच, तुटतं.

माझं विचाराल तर वर्षाचे बहुतेक दिवस बंद राहणाऱ्या घरात कोटा दगडाची फरशी. पायाला गार, ओरखडे पडले की पुन्हा पॉलिश, आणि फुगणं-आकसणं पीव्हीसीच्या मानानं नगण्य. ज्यांना एसपीसीच हवं, त्यांनी ‘एका दिवसात’ विसरून पेट्या दोन दिवस त्याच खोलीत उघडून ठेवाव्यात आणि काम फेब्रुवारीत किंवा ऑक्टोबरच्या शेवटी काढावं. तेव्हा पट्टी ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली. मे महिन्यात मिस्त्री मोकळा आहे म्हणून बसवून घेऊ नका. हिवाळ्यात जोड उघडतात.