भडंग, मॉड आणि हरवलेला एन्ड

सांगलीकराला मॉडिंग, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या गेममध्ये आपले बदल करणं, समजावणं सोपं आहे. भडंग म्हणजे चुरमुऱ्यांचा मॉड. भट्टीवाल्याला न विचारता लसूण-तिखट-शेंगदाणे घालून आपण त्याचा माल बदलतो, एवढंच. अवघड आहे ते ‘मॉडिंगसाठी पहिली प्रोग्रामिंग लँग्वेज कुठली शिकू?’ हे चारचौघांत विचारणं. विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर विचारून बघा. एक म्हणेल पायथन, सोपी असते. दुसरा म्हणेल सी प्लस प्लस, पाया पक्का होतो. ज्याचा भाचा पुण्यात आहे तो जावा सांगेल, कारण पॅकेज. ‘कुठल्या गेमसाठी?’ हे विचारणारा मात्र चहा पिऊन आधीच गेलेला असतो.

माझ्या मते प्रश्न तेवढाच आहे. भाषा आपण ठरवत नाही, गेम ठरवतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला जावा, स्टारड्यू व्हॅलीला सी शार्प. सिम्स ४ ला पायथन, पण ३.७, नव्या पायथनवर कंपाइल केलेली (यंत्राला कळेल अशी बनवलेली) फाइल तो गेम तोंडातही घेत नाही.

लाडका गेम नसेल तर फॅक्टोरियो हा कारखाने उभारायचा गेम आणि त्याच्या मॉड्सची भाषा लुआ. १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मलेली ही भाषा अंगानं लहान, आणि मोजते १ पासून, हळदीची पोती मोजावीत तशी. मॉड्सच्या फोल्डरमध्ये आपलं एक फोल्डर, त्यात इन्फो.जेसन (info.json, मॉडची ओळख) आणि डेटा.लुआ (data.lua, प्रत्यक्ष बदल). डेटा.लुआत एकच ओळ: आयर्न-प्लेटची थप्पी, म्हणजे एका खणात मावणारे नग, १०० वरून ५००. झाला मॉड.

म्हणजे, व्हायला हवा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्सटेन्शन, लपवतं, त्यामुळे फाइल असते इन्फो.जेसन.टीएक्सटी आणि गेमला मॉड दिसतच नाही. आधी एक्सटेन्शन दाखवायची सेटिंग चालू करा. फोल्डरचं नाव एक आणि जेसनमधलं दुसरं, तरी अडतं. जेसनमध्ये शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम ठेवला, तरी अडतं. आयर्न-प्लेटमधल्या आडव्या रेघेऐवजी अंडरस्कोअर टाकलात, तर ‘निल’च्या, म्हणजे ‘असं काही नाहीच’च्या, नावानं शिमगा.

सगळ्यात छळतो तो विसरलेला एन्ड, म्हणजे लुआत फंक्शन (नाव दिलेलं एक काम) किंवा इफ (अट) कुठं संपलं हे सांगणारा शब्द. लुआ बोट दाखवते फाइलच्या शेवटाकडे, कारण तिथपर्यंत ती बिचारी वाट बघत असते. कंसात ‘अमक्या ओळीवरचं फंक्शन बंद करा’ असंही सांगते, पण ते बहुतेकदा बाहेरचं निघतं: आतल्या इफनं त्याचा एन्ड पळवलेला असतो. म्हणून फंक्शन लिहिलं की एन्ड लगेच लिहा, मजकूर मग मध्ये भरा.

लोखंडाची थप्पी ५०० झाली की गाड्यावर सांगायला जाऊ नका. तिथं आता ‘एआय असताना शिकायचं कशाला’ सुरू झालेलं असेल.