रेंज फुल आहे म्हणून सांगू नका

"सर, तुमच्या एरियात नेटवर्क फुल दाखवतंय." हे वाक्य आता कोणी पुन्हा ऐकवलं ना, तर माझं डोकं फिरेल. फुल दाखवतंय हे मलाही दिसतं. सगळ्या काड्या उभ्या असतात आणि समोरच्याचा एक शब्द धड कानावर पडत नाही, हीच तर तक्रार आहे! पण कस्टमर केअरला काड्यांपलीकडे काही विचारताच येत नाही. फोन बंद करून चालू करा, सिम काढून पुसून घाला, एअरप्लेन मोड लावा. केलं हो सगळं. ये रे माझ्या मागल्या.

मी नागपुरात मनीषनगरला आठव्या मजल्यावर राहतो. आई काटोलला असते. डॉक्टरांनी तिच्या शुगरच्या गोळ्या बदलल्या, आता सकाळची कोणती अन् रात्रीची कोणती हे विचारायला ती फोन करते. "आवाज येऊन नाही राहिला रे बाळा," एवढंच मला ऐकू येतं. मग मी फोन कानाला लावून हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून बाहेर जिन्यात. आणि जिन्यात आवाज खणखणीत येतो! चारी बाजूंनी काँक्रीट, स्क्रीनवर जेमतेम एक काडी, तरी बोलणं स्वच्छ. उघड्या गॅलरीत, जिथून तीन टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तिथे मात्र नुसती खरखर.

हे उलटं का, ते समजून घेतलं तेव्हा राग दुप्पट झाला. जिन्यात एकाच टॉवरचा सिग्नल पोचतो, बाकीचे भिंती अडवतात. गॅलरीत तिन्ही टॉवर सारख्याच जोराने माझ्या फोनवर आदळतात. बर्डीच्या बाजारात शेजारशेजारच्या दोन दुकानांनी भोंगे लावले की एकाचाही भाव कळत नाही, तसं. जुन्या टूजीत शेजारच्या सेलना (सेल म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचा इलाखा) वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून द्यायचे, म्हणून एकमेकांत घुसखोरी कमी व्हायची. फोरजीत साधारणपणे सगळे सेल एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. त्याने स्पीड वाढतो, मान्य. पण मग कोणाचा आवाज कुठवर जाऊ द्यायचा हे कोणीतरी बसून आवरायला नको का? दोन सेलच्या सीमेवर राहणाऱ्याने काय पाप केलंय?

मोबाइलमध्ये नेटवर्क मोजायचं ॲप टाकलं. गॅलरीत सिग्नलची ताकद उणे 78 डीबीएम, म्हणजे उत्तम. आणि एसआयएनआर, म्हणजे कामाचा सिग्नल विरुद्ध बाकीचा गोंगाट, तो उणे 3. शून्याला दोन्ही बरोबरीत असतात, उणे 3 ला गोंगाट दुप्पट. काड्या ताकद दाखवतात, हा आकडा दाखवतच नाहीत. फोन सारखा एका सेलवरून दुसऱ्यावर उड्या मारतो, 143 वरून 212, परत 143. हे सेलचे ओळख-नंबर, फोरजीत 0 ते 503 पर्यंत असतात. दोन्हीला तीनने भागा, बाकी दोनच उरते. अशी बाकी सारखी आली की दोन्ही सेलचे संदर्भ-सिग्नल, म्हणजे ज्यांवरून फोन सेलचा सिग्नल मोजतो ते, एकाच जागेवर पडतात आणि एकमेकांना खराब करतात. शेजारी सेलना असे नंबर देऊ नयेत हे प्लॅनिंगच्या पहिल्या धड्यात शिकवतात. इथे कोणी पाहिलंच नाही!

तक्रारीवरून एक पोरगा आला, फोन हातात धरून गॅलरीत उभा राहिला, "सिग्नल तर चांगला आहे भाऊ" म्हणाला. मी एसआयएनआर दाखवला. त्याने मान हलवली, म्हणाला, ते वरून होते. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात काही नाही. राग वरच्यांवर आहे. दूरचा टॉवर माझ्या गॅलरीपर्यंत सिग्नल ओतत असेल तर त्याचा अँटेना दोन-चार अंश खाली झुकवायचा असतो. बऱ्याच अँटेनांमध्ये आता मोटर असते, टॉवरवर चढावंही लागत नाही, ऑफिसात बसून होतं. शेजारच्या सेलने आपसात बोलून गोंगाट आवरायची सोय तर फोरजीच्या मानकात 2008 पासूनच आहे. एवढं असून माणसाला जिन्यात उभं करता?

अन् आमच्यासारख्यांचा त्रास कागदावर येतच नाही. ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, कॉल ड्रॉपची मर्यादा 2 टक्के. पण आवाज मेला की आपणच वैतागून फोन ठेवतो, पुन्हा लावतो. आपण ठेवला म्हणजे तो कॉल व्यवस्थित संपला, ड्रॉपमध्ये मोजलाच नाही. 2024 च्या नियमांनी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावले, चांगलं केलं. माझी बिल्डिंग त्या नकाशात रंगवलेली आहे. गोंगाटाचा नकाशा कुठाय?

यात लोकांनीही भर घातलीये. रेंज मिळावी म्हणून परस्पर बूस्टर आणून बसवतात. स्वस्तातला बूस्टर टॉवरकडे नुसता कचरा फेकत राहतो आणि आसपासच्या सगळ्यांचे कॉल खराब करतो. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगू नये हे 1933 च्या कायद्यात होतं, 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहे. काढा ते, बाप्पा! आधीच नाकी नऊ आलेत.

वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर, छत्रपती चौकाजवळ कॉल तुटतो तेव्हा गाडी पुढे जाते, दोन मिनिटांत सुधारतं. घर कुठे पुढे न्यायचं?

तक्रार "निकाली काढली" असा मेसेज आलाय, काहीही न करता. मी कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातोय. गॅलरीतले आणि जिन्यातले स्क्रीनशॉट, 143 आणि 212 दोन्ही नंबर, तारीख-वेळ, सगळं जोडलंय. मागणी एकच लिहिलीय: अँटेना झुकवा, नंबर बदला, आणि कधी करणार ते लेखी द्या. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, जिथे कुठे वरच्या मजल्यावर हेच होत असेल, त्यांनीही ॲप टाकून एसआयएनआर बघा आणि तक्रारीत तोच आकडा लिहा, काड्या लिहू नका.