गुलाबावरची ताडपत्री

नाशिकला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणत, ही माहिती नाशिककर पाहुण्याला चहाच्या आधी देतो. मीही देतो. फक्त मी ती घराबाहेरच्या फरशीवर उभं राहून देतो, कारण तिथे अकरा कुंड्यांत माझे अकरा गुलाब आहेत आणि पाहुण्याने मान जरा डावीकडे वळवावी अशी माझी माफक अपेक्षा असते. मुलुंडचे आमचे साडू गेली चार वर्षं ही माहिती ऐकतात. दर वेळी "अरे वा" म्हणतात आणि मोबाइलकडे बघतात.

तसं पाहिलं तर मे महिन्यात गुलाबाकडे बघण्यासारखं काही नसतंच. फूल येतं ते रुपयाएवढं, कडेने करपलेलं, दुपारपर्यंत मान टाकणारं. पण २०२५चा मे निराळाच निघाला. पहिल्याच आठवड्यात वळीव आला. वळीव म्हणजे तासभर धिंगाणा घालून निघून जाणारा पाहुणा, अशी आपली समजूत. हा आला तो बॅग घेऊन आला. रोज दुपारी चारला आभाळ भरायचं आणि पाचला रस्त्याचा ओढा व्हायचा. पुढे २४ मेला मोसमी पाऊस केरळात आणि २६ला मुंबईत आला. मृग लागायला दहा-बारा दिवस बाकी होते. रसवंतीवाल्याने गुऱ्हाळ झाकून मक्याची कणसं भाजायला घेतली, यावरून काय ते समजा.

गुलाबांचा या हवेने गोंधळ उडाला. त्यांना हिवाळा आल्यासारखं वाटलं की काय कोण जाणे, अकराही झाडं कळ्यांनी लगडली. डबल डिलाइटवर सात कळ्या, ग्लॅडिएटरवर पाच, आणि आईच्या माहेरून आणलेल्या गावठी गुलाबावर तर मोजता येईनात इतक्या. मी ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती काम'. बागेचा आनंद घ्यायचा आहे, असं अजून तरी रजेच्या अर्जात लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी छत्री घेऊन बाहेर गेलो. कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या, रंगही दाखवत होत्या, पण उमलत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चश्मा पुसून जवळून बघितलं तेव्हा कळलं की बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटल्यात, मधे तासभर ऊन पडलं तेव्हा वाळून चिवट झाल्यात आणि आतलं अख्खं फूल आतल्या आत कोंडून सडतंय. बोटाने दाबलं तर जुन्या पुरणपोळीसारखं लागलं.

नर्सरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, वरचं सालपट हळूच काढा. उघडली तर उघडली."

मग रजेच्या चौथ्या दिवशी पहाटे सहाला, डाव्या काखेत छत्रीचा दांडा आणि उजव्या हातात बायकोचा भुवयांचा चिमटा घेऊन मी कळ्या सोलत बसलो. एक एक पापुद्रा, उकडलेल्या बटाट्याचं साल निघतं तसा. दूधवाला फाटकाशी थांबला. "काय झालं दादा, काटा रुतला का?" मी हो म्हटलं. काही गोष्टी समजावून सांगण्यापेक्षा काटा रुतलेला बरा. सात कळ्यांपैकी दोन उघडल्या. त्याही अशा, की झोपेतून उठवलेल्या माणसाने दार उघडावं. बाकी पाच बोटातच आल्या.

तोवर पानांवर काळे ठिपके दिसायला लागले होते. हा बुरशीचा रोग. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की त्याचे बीजाणू रुजतात. आमच्याकडे पान सलग सात-आठ दिवस ओलं होतं. ठिपका आला की पान पिवळं पडतं आणि गळतं. म्हणजे वरून कळ्या कुजतायत, खालून पानं गळतायत आणि मधे मी चिमटा घेऊन.

त्या दिवशी दुपारी मी रविवार कारंजावर ताडपत्री आणायला गेलो.

दुकानाबाहेर ही गर्दी! सगळे निफाड, चांदवड, येवल्याकडचे शेतकरी. धोतराला, पँटला पोटरीपर्यंत चिखल. उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ मारून, म्हणजे ढीग घालून ठेवलेला, साठवणीच्या कांदाचाळीत भरायच्या आत पाऊस आला, आणि आता झाकायला कागद मिळेना. मी इस्त्रीच्या शर्टात त्यांच्या मागे उभा राहिलो. पुढच्या बाबांनी मागे वळून विचारलं, "तुमचंबी भिजलं का?"

"हो ना," मी म्हटलं.

"किती?"

"अकरा," मी म्हणालो. कुंड्या हा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण गर्दीत मागे राहिला.

"अकरा एकर!" बाबांच्या डोळ्यांत कणव दाटून आली. "ए, सरका रे. यांना घेऊ द्या आधी. शहरातला मानूस, अकरा एकर लावून बसलाय." मला नको नको म्हणायलाही जागा राहिली नाही. लोकांनी मला हाताला धरून पुढे केलं. बारा बाय अठराची, चांगली जाड, अडीचशे जीएसएमची निळी ताडपत्री घेऊन मी खाली मान घालून स्कूटरवर बसलो. इतक्या सहानुभूतीत मी आयुष्यात कुठली वस्तू खरेदी केलेली नाही.

संध्याकाळी ताडपत्री ग्रिलला आणि शेजारच्या पेरूला बांधली. पेरूची फांदी जरा वाकली, पण गुलाबांवर थेंब पडेना. खुर्ची टाकली, चहा मागवला. पहिला घोट घेतो तोच बायकोचा फोन वाजला. निफाडहून तिचा भाऊ.

"ताई, दाजींना विचार ना, नाशकात कुठं ताडपत्री भेटते का. इकडं सगळीकडं संपली. दोन ट्रॉल्या माल उघड्यावर हाये."

फोन स्पीकरवर होता. बायकोने ताडपत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत प्रश्न नव्हता, थेट निकाल होता.

रात्री नऊला मेव्हण्यांची पिकअप दारात लागली. ते भर पावसात उतरले, ताडपत्रीखाली आले आणि टॉर्च मारून अकराही कुंड्या बघितल्या. मी काहीतरी सफाई देणार होतो. त्यांनी ताडपत्रीची कड दोन बोटांत धरून चोळली. "भारी घेतली दाजी. आमाला एवढी परवडत नाय."

एवढंच बोलले. माझ्याच हाताने मारलेल्या गाठी मीच सोडल्या. भिजून त्या इतक्या आवळल्या होत्या की एक दाताने सोडावी लागली. जाताना त्यांनी अर्धी गोणी कांदा ओट्यावर उतरवला. "ओला झालाय, टिकायचा नाय. खाऊन टाका. खाली गोल्टी हाये, ती आधी संपवा."

गोल्टी म्हणजे बारका कांदा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. बाजारात त्याला भाव नसतो आणि घरात त्याला जागा नसते. पुढचा आठवडा आमच्या घरात कांदाच राहत होता. दिवाणखान्यात पंख्याखाली कांदा, पलंगाखाली कांदा. गोल्टी मागच्या गॅलरीत सुपात.

आता त्या सुपाची हकीकत. सुपात आधीच काहीतरी होतं, आणि ते मी ठेवलं होतं. शेजारच्या काकू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे पावसाळी लिलीच्या कुंड्या आहेत. पहिला पाऊस झाला की चार-पाच दिवसांत गवतासारख्या पानांतून एकेक दांडी वर येते आणि तिच्यावर एकच गुलाबी फूल. काकूंची कुंडी दाटली होती म्हणून त्यांनी मला पंचवीस कंद मोजून दिले होते, पात कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोरडी माती मिळेपर्यंत मी ते सुपात पसरले. तपकिरी सालीचे, चिखल लागलेले, सुपारीपेक्षा थोडे मोठे.

बायकोने गोल्टी त्याच सुपात ओतली.

मला हे कळलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि आत कढईत भजी. मी दुसरं भजं तोंडात टाकलं आणि सहज म्हणालो, "माझे कंद कुठे हलवलेस?"

"कुठले कंद?"

त्यानंतर घरात जी शांतता पसरली तीत तेलाचा चर्र आवाज तेवढा ऐकू येत होता. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खाऊ नका हो, विषारी असतात. उलट्या होतात." मग शिक्षकी आवाजात म्हणाल्या, "वास घेऊन बघा. लिलीच्या कंदाला कांद्याचा वास येत नाही."

मी सूप मांडीवर घेऊन बसलो. एक कांदा नाकाशी धरायचा, हुंगायचा, डावीकडे ठेवायचा. पहिले दहा-बारा व्यवस्थित ओळखले. मग बोटांना कांद्याचा वास, नाकाला कांद्याचा वास, सुपाला तर केव्हाचाच. विसाव्यानंतर माझ्या चश्म्यालाही कांद्याचा वास येत होता. दोन कंद नखाने खरवडून बघितले. डोळ्यांत पाणी आलं. ते कांद्याने आलं की एकूण परिस्थितीने, हे ठरवता येईना.

शेवटी बायकोने सूप ओढून घेतलं. "सगळं लावून टाक. फुलेल ते तुझं, नाही फुललं ते माझं."

भज्यांनी कोणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मी तीनदा उठून आरशात जीभ बघितली.

चार रिकाम्या कुंड्यांत मी अख्खं सूप लावलं. गुलाबांकडे बघणं सोडलं होतं, बघवतच नव्हतं. ग्लॅडिएटर पार उघडाबोडका झाला. जूनमधल्या एका संध्याकाळी दोन सरींच्या मधे दहा मिनिटं उघडीप मिळाली आणि गावठी गुलाबाची एकच कळी कोणी न सोलता उमललेली दिसली. फिकी गुलाबी, विस्कटलेली, केस न विंचरता आल्यासारखी. वास मात्र ओल्या मातीच्या वर तरंगत फाटकापर्यंत येत होता. मी चिमटा न घेता उभा राहिलो. मग पाऊस आला.

त्याच आठवड्यात कुंड्यांतून लिली आली. सकाळी बघतो तर तेरा फुलं, सगळ्यांची तोंडं वर, सहा-सहा पाकळ्या, आत पिवळे केसर आणि तळाशी पावसाचं पाणी. एक-दोन दिवसांचं फूल, पण पावसाला तोंड देण्याची रीत अशी, की भिजणं हे त्याच्या कामाचाच भाग असावा. काकू बघायला आल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "झेफिरँथस म्हणजे पश्चिम वाऱ्याचं फूल. आणि गंमत सांगू? कांदा आणि ही एकाच कुळातली. आमच्या वेळी कांदा थेट लिलीच्या कुळात शिकवायचो. नंतर त्याला तिथून काढून इकडे आणलं."

मेव्हणे त्या दिवशी ताडपत्री परत द्यायला आले होते, धुऊन, घडी घालून. त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे भाव पडला का लिली पन रस्त्यावर ओतत्यात का?"

काकूंना उत्तर सुचलं नाही. वनस्पतिशास्त्रात ते बहुधा येत नसावं.

जुलैत साडू आले. मी फरशीवर उभा राहून गुलशनाबादपासून सुरुवात केली. त्यांनी "अरे वा" म्हटलं, मोबाइल काढला आणि एकदम थांबले. चौथ्या कुंडीत लिलीच्या चपट्या पानांमधून हिरव्यागार, गोल, पोकळ नळ्या हातभर उंच ताठ उभ्या होत्या. पावसाने धुतल्यामुळे चमकत होत्या.

"ही कुठली व्हरायटी? ऑर्नामेंटल दिसतेय."

मेव्हणे ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि गंभीरपणे आपल्या कांद्याच्या वाणाचं नाव सांगितलं, "एन-दोन-चार-एक."

"अच्छा! इम्पोर्टेड?"

"नाय. पिंपळगावची."

आतून मेव्हणीच्या हसण्याचा आवाज आला, पण साडूंचं लक्ष नव्हतं. ते गुलाबांना पाठ लावून, गुडघा टेकून फोटो काढत होते. उठताना मला म्हणाले, "फुलं आली की कळवा हं. आणि जमलं तर एक कंद मला काढून ठेवा."