मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं

"दादा, एक गिऱ्हाईक हे करून मागतंय. करू का?" गुरुवारी दुपारी धाकट्या भावाचा निरोप आला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत त्याचं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. निरोपाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर चिकटवलेला होता. दोन दिवसांनी तोच मजकूर निफाडच्या मामांनीही पाठवला, "तुझं काय मत?" असं विचारून. मामांकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे आणि घरात दोन लहान नातवंडं आहेत. मी स्वतः बरीच वर्षं .२२ पिस्तुलाने नेमबाजी करतो. त्यामुळे गप्प बसवेना.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, सोडवायचं बटण मोठं करून घ्या. अंबड-सातपूरचा कुठलाही टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, पाचशे रुपयांत करून देईल. बटण मोठं असलं की घरात धोका राहत नाही, कारण ते दाबताच मॅगझिन खाली पडतं आणि पिस्तूल निकामी होतं. परवाना तुमचा, शस्त्र तुमचं, त्यात काय बदलायचं ते तुम्ही ठरवा. आणि ऑलिंपिकचे नेमबाजही हेच करतात.

आधी ते 'निकामी होतं' घेतो, कारण त्याने माणूस मरू शकतो.

स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन पुढे आली की डबीतलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत जातं. एकदा ते तिथे गेलं की डबीशी त्याचा संबंध संपला. मॅगझिन काढा, खिशात घाला, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, चेंबरमधली गोळी जागच्या जागी असते आणि ट्रिगर दाबला की सुटते. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना ट्रिगर अडवणारी सोय असते. ग्लॉकमध्ये ती नाही, आणि इतर कितीतरी पिस्तुलांत नाही. पिस्तूल रिकामं करायचा क्रम आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवला गेला: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, मॅगझिन काढायचं, स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर पाडायचं, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिलं काडतूस पडतं आणि दुसरं आत चढतं. इतकी साधी चूक जीव घेते. आणि हा मजकूर लोकांना सांगतोय की बटण दाबा आणि निर्धास्त व्हा! पलंगावर मॅगझिन वेगळं पडलेलं बघून घरातलं पोर पिस्तूल उचलेल, आणि मोठी माणसंही 'रिकामंच आहे' म्हणून त्याला उचलू देतील. हे लिहिणाऱ्याने ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आणायला हवं होतं.

मोठं बटण आणखी एक घोटाळा करतं. या बटणाच्या आतल्या टोकाला एक दात असतो. तो मॅगझिनच्या खाचेत बसतो, मागे स्प्रिंग असते. बाहेरचं टोक वाढवलं की ते न दाबताही दाबलं जातं. पट्ट्यातल्या म्यानात, गाडीच्या सीटवर बसताना, अगदी पकडताना तळहातानेही. दात खाचेतून निसटला की मॅगझिन किंचित खाली सरकतं. वरून बघितलं तर जागेवर आहे असंच वाटतं. चेंबरमध्ये असलेली एक गोळी सुटते आणि त्यापुढे काही चढत नाही. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्याला हे तेव्हाच कळणार, जेव्हा कळून उपयोग नाही.

मामांना मी फोन करून विचारलं, तुमच्या पिस्तुलाला बाजूला बटण आहे का? नाहीच. जुन्या घडणीच्या पुष्कळ .३२ पिस्तुलांप्रमाणे, ब्राउनिंग १९१० किंवा कोल्ट १९०३ घ्या, मॅगझिन अडकवणारी खिटी मुठीच्या तळाशी आहे. ती दुसऱ्या हाताने मागे ओढायची असते. म्हणजे ज्यांच्या पिस्तुलाला हे बटणच नाही, तेही हा मजकूर एकमेकांना पाठवत आहेत.

एक गोष्ट मान्य करतो. हात लहान असला की अंगठा बटणापर्यंत पोहोचत नाही, पकड फिरवावी लागते. आमच्याकडे सरावाला येणाऱ्या मुलींची ही खरी अडचण आहे आणि डावखुऱ्यांचीही. ग्लॉक कंपनीने २०१० साली आपल्या पिस्तुलांच्या चौथ्या पिढीत म्हणूनच मोठं आणि बाजू बदलता येणारं बटण दिलं. पण त्यांना त्यासोबत मॅगझिनही बदलावं लागलं, दोन्ही बाजूंना खाच असलेलं. जुन्या मॅगझिनला खाच एकाच बाजूला, त्यामुळे बटणाची बाजू बदलली की ते अडकतच नाही. बटण, स्प्रिंग आणि खाच ही एकत्र जुळवलेली घडण आहे. त्यातला एकच तुकडा पाचशे रुपयांत, ड्रॉइंगशिवाय, नमुन्यावरून करून कसा चालेल? माझा भाऊ मायक्रॉनमध्ये काम करतो, त्याला हे एका वाक्यात पटलं.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात शस्त्रांचे सुटे भागही येतात. कलम ५ म्हणतं की बंदूक-पिस्तूल बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं यासाठी वेगळा परवाना लागतो. मामांचा परवाना बाळगण्याचा आहे, भावाकडे कुठलाच नाही. दुरुस्तीसाठी शस्त्र नेता येतं, पण ते परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे. कलम ५ मोडलं तर कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथली शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे. एवढंसं बटण त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील. तो वाद होईपर्यंत लेथवाल्याचं वर्कशॉप सील असेल आणि मामांचा परवाना गेलेला असेल. निवडणूक आली की अनेकदा शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, म्हणजे ते कोणाच्या नजरेला पडणार नाही असंही नाही.

ऑलिंपिकचं विधान दोन ओळींत संपतं. २५ मीटर रॅपिड फायर या ऑलिंपिक प्रकारात ८, ६ किंवा ४ सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात आणि पाचही आधीच भरलेल्या असतात. वेळ चालू असताना मॅगझिन बदलायचंच नसतं. ते बदलण्याच्या वेगाला महत्त्व आहे प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे नेम आणि वेग दोन्ही मोजणाऱ्या वेगळ्या स्पर्धांत. तिथेही ओपन विभागात मोकळीक असली तरी प्रॉडक्शन विभागात बदलांना फार थोडा वाव असतो.

भावाने गिऱ्हाइकाला नाही सांगितलं. तो माणूस म्हणाला, सातपूरला कोणीतरी करेलच. म्हणूनच हे तिथल्या प्रत्येक टर्नरपर्यंत जावं असं मला वाटतं.

रविवारी मी निफाडला जातोय. मामांचं पिस्तूल आणि काडतुसं एकाच कपाटात आहेत. त्याची किल्ली मामींच्या पलंगाशेजारी खिळ्याला लटकते, धाकट्या नातवाचा हात पोहोचेल अशा उंचीवर. आधी ती किल्ली तिथून काढायची आहे.