ओठावरचं आम्रकुल

रविवारी रायवळ आंबे चोखून खाल्ले आणि मंगळवारी सकाळी खालचा ओठ माझ्याआधी उठून बसला होता. आंब्यांची पिशवी नवऱ्याच्या मावशीकडून आली होती. नवऱ्याने त्याच पिशवीतले, माझ्यापेक्षा जास्तच आंबे हाणले होते आणि तो आरशासमोर शीळ घालत दाढी करत होता. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म यातलं एकही अक्षर तोंडातून निघत नाही, हे शाळेत शिकवतात. त्याचा व्यवहारात उपयोग त्वचारोगाच्या दवाखान्यात झाला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काय झालंय?"

"आंआ."

"आई? पेशंट आई आहेत का? मग त्यांना घेऊन या ना."

मी ओठाकडे बोट दाखवलं. तिने जरा वाकून पाहिलं, "अगं बाई!" असं म्हणाली आणि मला कोपऱ्यातली खुर्ची दिली. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, आणि पेनाशेजारी एक घडीचं भिंग. दवाखान्यात भिंग घेऊन आलेल्या माणसाशेजारी सुजका ओठ घेऊन बसू नये, पण दुसरी खुर्ची रिकामी नव्हती.

"आंबा," ते म्हणाले आणि निदान करून मोकळे झाले. मग माझी परवानगी गृहीत धरून भिंग उघडलं. "देठाजवळचा चीक लागलाय. ॲनाकार्डिएसी! आम्रकुल! छान उदाहरण आहे."

त्यांनी म्हणे वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला होता, शिकवणं सुटलं नव्हतं. समोर भिंतीला टेकून दहाबारा पेशंट बसलेले, कुणाच्याही हातात वाचायला काही नाही, आणि मध्ये मी. नमुना म्हणून.

"सुमारे ८० प्रजाती, ८०० च्या वर जाती," त्यांनी खोलीला उद्देशून सुरुवात केली. "बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी, पिस्ता, आंबाडा, मोई. ओळखायचं कसं? पान चुरगाळा, साल खरवडा. राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास येतो. या कुळातल्या झाडांच्या अंगभर राळेच्या नळ्या असतात. सालीत, पानात, फळाच्या देठात. आंबा झाडावरून उतरवला की देठातून चिळकांडी उडते ना? बागायतदार थोडा देठ ठेवून का काढतो? चीक सालीवर ओघळला की डाग पडतो म्हणून." माझ्याकडे वळून, "आंब्यावर पडू नये म्हणून जपतात. माणसावर पडला, तर तो माणसाचा प्रश्न."

समोरच्या एक आजी म्हणाल्या, "तीळ वाटून लाव गं. आमच्याकडे बिब्बा उतला की तीळ-खोबरं लावायचे." दुसऱ्या बाईंनी कडुलिंबाच्या पाण्याने धुवायला सांगितलं.

"कडुलिंब?" प्राध्यापकांना केवढा आनंद झाला. "तोही नात्यातलाच! कुळ वेगळं, पण गण एकच. लिंबू, रिठा, कडुलिंब आणि आंबा, सगळे एका गणातले!" आता माझ्या ओठावर औषधसुद्धा नात्याबाहेरचं मिळेना.

खरी गंमत पुढे. त्यांना फुलं आठवली. "पाच पाकळ्या, मध्ये मधाची तबकडी. आणि पुंकेसर किती? आंब्याला पाच. पण त्यातला कामाचा बहुधा एकच. बाकीचे नुसते नावाला."

पलीकडच्या खुर्चीवरून एक शांत आवाज आला, "त्यात नवल ते काय?"

ही त्यांची बायको. नंबर तिचा होता. हे गृहस्थ पेशंट नव्हतेच, नुसते सोबत आले होते. हे मला इतक्या उशिरा कळलं की तोवर मोहोराच्या एका तुऱ्यात हजारो फुलं असतात, पुष्कळशी नुसती नरफुलं असतात, परागीभवन मुख्यत्वे माश्या करतात आणि एवढ्या खटाटोपातून शेवटी हाताला लागतात एखाददोन आंबे, इथवर पोर्शन झाला होता.

मग काजू. काजूसाठी त्यांना चित्र काढायचं होतं, कागद नव्हता. त्यांनी माझा चेहरा घेतला.

"हे बघा. आपण ज्याला बोंडू म्हणतो ते खरं फळ नाही. तो देठ आहे, फुगलेला. खरं फळ त्याच्या खाली लोंबतं, टरफलासकट, आणि त्यात बी. म्हणजे बाईंचा ओठ हा बोंडू समजा," त्यांचं पेन माझ्या ओठापासून बोटभर अंतरावर येऊन थांबलं, "आणि हनुवटी हा काजू."

एक शाळकरी मुलगा उठून जवळ आला आणि माझी हनुवटी नीट बघून गेला. त्याच्या आईने त्याला अडवलं नाही. ज्ञान मिळतंय म्हटल्यावर कोण अडवतं? मला सांगायचं होतं की मी पैसे भरून इथे आले आहे, पण "पैसे" कसे म्हणणार? मी "ऐसे" म्हणाले. ते म्हणाले, "हो, ऐसेच! बिब्ब्याचंही तसंच. खाली नारिंगी मांसल भाग, टोकाला काळी बी." आणि बाही वर करून लहानपणी बिब्बा उतल्याचा कोपराजवळचा डाग दाखवला. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते याच रसाने. धुऊन जात नाही. कोपरही पन्नासेक वर्षं धुतलेलं होतं, त्याची त्यांनी खात्री दिली.

माझ्या रागाचं खरं कारण ते नव्हतेच. माझा राग नवऱ्याच्या धडधाकट ओठावर होता. तेवढं मात्र प्राध्यापकांनी नीट समजावलं. चिकातलं द्रव्य पहिल्यांदा अंगाला लागतं तेव्हा बहुधा काहीच होत नाही. शरीर नुसती नोंद करून ठेवतं. पुढे कधीतरी, आधी पाहिलेला चेहरा ओळखून, एक-दोन दिवसांनी सूड उगवतं. कुणाचं शरीर नोंद करतं, कुणाचं करत नाही. नवऱ्याचं शरीर काहीच लक्षात ठेवत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. अमेरिकेत ज्या वेलीला लोक हात लावायला घाबरतात ती पॉयझन आयव्ही याच कुळातली. जपानात याच कुळातल्या एका झाडाचा चीक काढून लाकडी वाट्यांना चकाकी आणतात. माझ्या ओठालाही चकाकी आली होती. फुकट.

पण मला विचारायचंय ते हे, की हे आधी कुणी का सांगत नाही? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवर रत्नागिरी की देवगड ते वाचता येतं, आतला आंबा खरंच तिथला का यावर बाजारात भांडता येतं. बिस्किटाच्या पुड्यावर शेंगदाण्याची सूचना असते. आंब्याच्या पेटीवर "देठ लांब धरा" एवढं लिहायला शाई संपते?

आणि काजू. मोदकात, बर्फीवर पांढराशुभ्र बसलेला. त्याच्या टरफलात जे तेल असतं ते आंब्याच्या चिकाहून कितीतरी जहाल. बी भाजून किंवा वाफवून फोडली, तरी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना ते लागतंच. कातडी काळी पडते, सोलवटते. म्हणून त्या हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. तेच तेल पुढे रंगात जातं, गाड्यांच्या ब्रेकात जातं, त्याचे वेगळे पैसे होतात. त्या बायकांना कुणी त्वचारोगतज्ज्ञाचा नंबर लावून देत नाही. मी एका ओठासाठी नऊशे रुपये भरले, आणि वर ऐटीत चिडतेय. चिडणारच. ओठ माझा आहे.

माझा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी दोन सेकंद पाहिलं, मलम लिहिलं, खाजेची गोळी लिहिली आणि म्हणाल्या, "या सीझनला आंबा बंद."

मे महिना. मी काही बोलायच्या आत (बोलणं शक्य नव्हतंच) दाराबाहेरून आवाज आला, "गर चालेल! गरात विशेष काही नसतं! साल दुसऱ्याने काढायची, आंबा धुऊन!"

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं. "कोण आहेत ते?"

"आध्याअक," मी म्हणाले.

बाहेर आले तर त्यांचं आम्रखंड चालू होतं. आंब्याचा रस, वर चारोळी, पिस्ते, काजूचे तुकडे, म्हणजे अर्धंअधिक कुळ एका वाटीत, असं ते आजींना सांगत होते. आजी म्हणाल्या, "वेलची राहिली." "वेलची आल्याच्या कुळातली," ते म्हणाले, आणि आजींचा चेहरा पडला. त्यांच्या बायकोचा नंबर पुकारला गेला होता, ती केव्हाच एकटी आत गेली होती.

ओठ शनिवारपर्यंत उतरला. नवरा आता आंबे धुतो, सोलतो, फोडी करून वाटीत देतो. उपकाराची भावना चेहऱ्यावर स्पष्ट दिसेल अशा बेताने. सोलणाऱ्याची कोय, असा नियम त्याने स्वतःच करून घेतलाय. ओट्यापाशी उभा राहून, कोपरापर्यंत ओघळ आणत तो कोयी चोखतो आणि मी टेबलाशी बसून काट्याने आंबा खाते. काट्याने! परवा म्हटलं, अरे, कोयीला साल नसते, एखादी मला दे. तर म्हणाला, "रिस्क नको."