जुनी गाडी मध्येच बंद पडते. दोष दर वेळी पेट्रोलचा नसतो

जुन्या पेट्रोल गाड्यांबद्दलचा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरतो आहे. गाडी चालता चालता बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होत असेल, तर कारण एकच, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. टाकी रिकामी करा, त्याने भागले नाही तर पेट्रोलचा पंप बदला, ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नसेल तर सेन्सरकडे बघूही नका आणि अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) शंका असेल तर चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघा, असा सल्ला पुढे जोडलेला आहे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, मधली दोन चुकीची आहेत आणि शेवटचे गाडीचे सरळ नुकसान करणारे आहे.

आधी इथेनॉल. पेट्रोलमधले त्याचे प्रमाण आता 20 टक्क्यांपर्यंत गेले आहे, ते जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना मानवत नाही, टाकीतला साचलेला गाळ सुटा करून फिल्टर तुंबवते आणि पाणी ओढून घेते, हे सगळे मान्य. उसाच्या या जिल्ह्यात इथेनॉलची बाजू घेतली की लोक हसून ‘कारखान्याचे सभासद काय?’ असे विचारतात, तो धोका पत्करून पुढचे लिहितो. टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल, तर गाडी सकाळी सुरू होतानाच कुरकुरते, झटके मारते आणि ती टाकी संपेपर्यंत कमी-अधिक तशीच वागते. फिल्टर तुंबला असेल, तर चढाला पिकअप मरतो. मात्र ज्या पेट्रोलवर गाडी बंद पडली, त्याच पेट्रोलवर अर्ध्या तासाने ती काहीच न घडल्यासारखी धावत असेल, तर त्या अर्ध्या तासात पेट्रोल बदललेले नसते. बदललेले असते ते बॉनेटखालचे तापमान. कार्बोरेटरच्या गाडीत उन्हाळ्यात नळीत पेट्रोलची वाफ अडकून असा प्रकार होऊ शकतो, एवढा अपवाद मात्र खरा आहे. शंका असेलच, तर इंजिन थंड असताना, उघड्यावर, फिल्टरकडे येणाऱ्या नळीतले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तरच पाण्याला दोष द्यावा.

पंप बदलण्याचा सल्ला मी स्वतः पाळून बसलो आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. माझी 2004 सालची गाडी पन्हाळ्याला जाताना वाघबिळाच्या पुढे चढावर दोनदा बंद पडली. पंप बदलला, तिसऱ्यांदा ती पुन्हा तिथेच थांबली. शेवटी उद्यमनगरातल्या एका वायरमनने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘बंद पडताना आरपीएमचा काटा कसा पडला?’ आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. या प्रश्नात अर्धे निदान आहे. पेट्रोल कमी पडले की इंजिन आधी अडखळते, झटके देते आणि काटा हळूहळू खाली येतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, फिरण्याची खबर देणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटला, तर गाडी अजून गिअरमध्ये घरंगळत असते, म्हणजे इंजिन फिरतच असते, आणि तरीही काटा क्षणात शून्यावर आपटतो. माझा काटा तसाच आपटला होता.

त्याने गाडी दुकानासमोर तासभर चालू ठेवली आणि ती मरेपर्यंत कशालाही हात लावला नाही. ती मेल्यावर किल्ली फिरवली, तेव्हा मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू आली. प्लगला ठिणगी मात्र नव्हती. मग त्याने सेन्सरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला. सेन्सरच्या आतले तारेचे वेटोळे तुटलेले दाखवत होते. सेन्सरवर बाटलीभर थंड पाणी ओतले, दहा मिनिटे थांबला, तर मीटरवर रोध परत आला आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. आतली केसाएवढी बारीक तार तापली की तुटते आणि निवली की पुन्हा टेकते. गाडी चालू असताना केलेली कोणतीही तपासणी हा दोष दाखवत नाही, म्हणून तर एकेक सुटा भाग बदलत जाण्याचा मोह होतो.

‘चेक इंजिन’च्या दिव्याचेही तेच. फिरण्याचा सिग्नल आला नाही, की जुन्या गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बऱ्याचदा ‘इंजिन बंद आहे’ एवढेच समजतो. त्याच्या लेखी त्यात बिघाड नसतो, मग दिवा कशाला लावील? काही दोष दिवा न लागताही नोंदलेले असतात, ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाहीत.

संदेशात ज्यांचा उल्लेखही नाही अशी कारणे तर नेहमीचीच आहेत. ताराराणी चौकाच्या सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला (इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातला) कार्बन आणि आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू ठेवणारा, व्हॉल्व्ह आधी साफ करावा. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडत असेल, तर अर्थिंगची पट्टी, बॅटरीचे टर्मिनल, पंपाचा रिले आणि इग्निशन स्विच पाहावा. किल्लीला लटकवलेला जाडजूड जुडगाही स्विच सैल करतो.

राहिला बॅटरीची वायर काढण्याचा प्रकार. कार्बोरेटरच्या गाड्यांवर जुने मिस्त्री असे करत आणि बहुतेक वेळा निभावूनही जाई, कारण त्या गाड्यांत जळण्यासारखे इलेक्ट्रॉनिक फारसे नव्हतेच. बॅटरी हा अल्टरनेटरच्या विजेला मिळालेला गादीसारखा आधार आहे. चालू इंजिनवर तो काढून घेतला की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीएम जळू शकतो. हीच तपासणी मल्टिमीटरने एका मिनिटात होते: इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे.